शिक्षकांच्या धोक्याचाही हिशोब व्हावा

मुलांना कोविडचा गंभीर आजार क्वचितच होतो, म्हणून शाळा बंद करण्याचे कारण नाही, हा अनेकदा मांडला जाणारा मुद्दा अपुरा आहे. कारण त्याच वर्गात पन्नाशी ओलांडलेले, मधुमेह किंवा दमा असलेले शिक्षकही तासन्‌तास मोठ्या आवाजात बोलत उभे असतात. स्वीडनमध्ये 2020 च्या वसंतात माध्यमिक शाळा चालू राहिल्या आणि उच्च माध्यमिक वर्ग ऑनलाइन झाले, तेव्हा चालू शाळांतील शिक्षकांमध्ये संसर्गाचे प्रमाण ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. चालू शाळांतील मुलांच्या पालकांमधील वाढ मात्र बरीच कमी होती.

तरीही शाळा दीर्घकाळ बंद ठेवाव्यात, असे मी म्हणणार नाही. एप्रिल 2020 मध्ये जगभरात दीडशे कोटींच्या आसपास विद्यार्थी शाळेबाहेर होते आणि ज्यांच्या घरी फोन किंवा शिकवणारे कोणी नव्हते, त्यांचे शिक्षण (माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान हेच) तिथेच थांबले. म्हणून अशा साथीत शाळा उघडण्याआधी हवेशीर वर्ग, लहान तुकड्या, लसीकरणात शिक्षकांना प्राधान्य आणि आजारपणात भरपगारी रजा या गोष्टींची हमी मिळायला हवी. यांपैकी रजेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पगार कापला जाण्याच्या भीतीने कंत्राटी शिक्षक अंगात ताप असतानाही वर्गात येतो आणि बाकीच्या सगळ्या उपायांवर पाणी पडते.