घरचा ग्रुप : बारक्याला न्यूरोसर्जन व्हायचंय

काका (गुजरी): हे बघा रे. एका क्लासवाल्याचं आलंय. 'ज्युनियर सर्जन' शिबिर, अकरावी-बारावीच्या पोरांसाठी. तीन दिवस, टाके घालायला शिकवणार, वर सर्टिफिकेट. १८ हजार. बारक्याला घालूया काय? पैसे मी भरतो.

आई: भावजी, तीन दिवसाला १८ हजार??

बारक्या: मला जायचंय. न्यूरोसर्जरीला लई कॉम्पिटिशन आहे. आत्तापासून प्रोफाइल करायला पाहिजे.

आत्या (सांगली): प्रोफाइल म्हणजे? फोटो काय रे?

आप्पा (न्यू जर्सी): बरोबर बोलतोय तो. आमची लेक अजून मेडिकलला गेलीही नाही, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी सर्जनच्या मागं उभी राहून तास भरते. सुट्टीत लॅबमध्ये काम. इथं मेडिकलच्या पोरांना परवान्यासाठी द्यावी लागते त्या पहिल्या परीक्षेचा, स्टेप वनचा, निकाल २०२२ पासून नुसता पास-नापास लागतो, त्यामुळं संशोधन आणि शिफारसपत्रांचं वजन आणखी वाढलंय. तुम्ही पण लागा कामाला.

बारक्या: बघा 😎

आई: ह्याला रक्त चालतंय काय विचारा आधी. रविवारचं मटण धुवायला सांगितलं तर तोंड फिरवून उभा असतो. रस्सा मात्र दोन वाट्या.

बारक्या: आई, ग्रुपवर नको ना

ताई: सर्जरीच्या ड्युटीवर आहे, दोन केसच्या मधे लिहितेय, चुका पोटात घाला.
आप्पा, तुमच्या तिकडचं खरं आहे. आधी चार वर्षांची डिग्री, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल, वर न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राबून शिकणं, सात वर्षं. तिथं मार्कांबरोबर माणूसही बघतात, मुलाखत घेतात, आधी काय काय केलंय ते विचारतात. आपल्याकडं दारात मार्कच विचारतात. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क. कुठल्या शिबिराला गेला होतास हे कुणी विचारत नाही. एमबीबीएसनंतर स्पेशालिस्ट व्हायला नीट पीजी, २०० प्रश्न, तिथंही रँकच. तेव्हा काका, १८ हजार राहू देत.

काका (गुजरी): राहिले.

ताई: बारक्या, हिशेब लिहून घे. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप १. सरकारी कॉलेज मिळालं तर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, १. सर्जरीचं एमएस ३. मग नीट एसएस ही आणखी एक प्रवेश परीक्षा देऊन एमसीएच, म्हणजे न्यूरोसर्जरीची सुपरस्पेशालिटी डिग्री, ३. एकही वर्ष वाया न जाता तिशी ओलांडशील. एम्स दिल्ली, बंगळुरूचं निमहान्स अशा मोजक्या ठिकाणी एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं न्यूरोसर्जरीचं एमसीएच आहे, पण त्याला आयएनआय-सीईटी ही वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि जागा बोटांवर मोजाव्यात इतक्या.

आत्या (सांगली): तिशी! आणि लग्न?

ताई: आत्या, पहिल्यांदा फिजिक्स होऊ दे.

बाबा: पण सर्जरीला एवढी चुरस असते?

ताई: गंमत आहे बाबा. पीजीला वरच्या रँकची बहुतेक पोरं सर्जरीकडं बघत पण नाहीत. रेडिओलॉजी आधी संपतं, मेडिसिन जातं. मी सर्जरी घेतली तेव्हा मैत्रिणीनं विचारलं होतं, मार्क कमी पडले काय गं? हृदयाच्या सर्जरीच्या तर सुपरस्पेशालिटीच्या जागा रिकाम्या राहिल्यात मधे. सीट मिळते हो, तिथं टिकणं अवघड. पहिल्या वर्षाला काल कुठला वार होता ते आठवत नाही.

बारक्या: मग आत्ता काहीच करायचं नाही?

ताई: असं कोण म्हणालं? बायोलॉजीचे ९० प्रश्न एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ वाचून निघतील. पोरं पडतात फिजिक्समध्ये, आणि तू तिथंच टंगळमंगळ करालास असं आईनं सांगितलंय. ठोकून उत्तर मारायची सवय पण सोड. बरोबरला चार मिळतात, चुकलं की एक जातो. रिसर्चची हौस एमबीबीएसला फेड, आयसीएमआर ह्या सरकारी संशोधन संस्थेची एमबीबीएसच्या पोरांसाठी एसटीएस म्हणून दोन महिन्यांची रिसर्चची स्कॉलरशिप असते, तिला अर्ज कर. आणि न्यूरोच पाहिजे हे आत्ता ठरवून बसू नकोस. मी बालरोग करणार म्हणून कॉलेजला गेले होते.
रक्ताचं मनाला लावून घेऊ नकोस. पहिलं सिझेरियन बघताना मी भिंत धरली होती. सिस्टर म्हणाल्या, बाई, बाहेर जाऊन बस.

आई: हे कधी सांगितलं नाहीस

ताई: सांगितलं असतं तर तू पाठवलं असतंस काय परत?
हाताचं मात्र आत्तापासून करता येतं, आणि फुकट. मला पहिल्या वर्षी एका हातानं गाठ येत नव्हती. वॉर्डातल्या ड्रॉवरच्या मुठीला दोरा बांधून रात्री गाठी मारत बसायचे, पेशंटचे नातेवाईक बघायचे. काका, ह्याला तुमच्या गुजरीतल्या सराफी दुकानात बसवा की.

काका (गुजरी): बसवतो. कोल्हापुरी साजाचे मणी ओवू दे. तार एका दमात आरपार गेली पाहिजे. हात थरथरला की मणी गडगडत गटारीपर्यंत. मी पोरगा असताना वडिलांनी असले दोन मणी माझ्याकडनं शोधून घेतले होते.

बारक्या: सोन्याचे??

काका (गुजरी): तुला पितळेचे देणार.

आप्पा (न्यू जर्सी): हे बेस्ट आहे. इथं ह्याचेच डॉलर घेतील.

ताई: अपेंडिक्स आलंय, जाते. बारक्या, फोन ठेव.

काका (गुजरी): रविवारी नऊला ये रे.

बारक्या: काका, रविवारी फिजिक्सची टेस्ट आहे. बारापर्यंत.

काका (गुजरी): मग सुटल्यावर ये. आधी मिसळ खाऊ, मग बसू.