मिरज-पंढरपूर लाइन: गेज रुंद झालं, गावांना काय मिळालं?

पूर्वभागवाला

मिरज-पंढरपूर रेल्वे लाइन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, होऊन दशक उलटलं. तेव्हा आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, सगळीकडं एकच बोलणं होतं: आता आपले दिवस पालटणार. पालटले कुणाचे? कोल्हापूरहून नागपूरला नि धनबादला जाणाऱ्या गाड्या आमच्या शिवारातनं धडधडत जातात. जाऊ देत, त्यांच्यावर राग नाही. पण बेळंकीचा माणूस मिरजेच्या दवाखान्यात जायला आजही वडापमध्ये (खासगी जीप-टमटममध्ये) चौथ्या सीटवर अंग चोरून बसतो.

बार्शी लाइट, म्हणजे इथली जुनी छोटी रेल्वे, 1927 मध्ये मिरजेपर्यंत आली. रूळ अडीच फुटी, चाल रडतखडत, चढाला तर पोरं उतरून शेजारनं चालायची असं जुनी माणसं सांगतात (थोडं मीठमसाला लावूनच, पण सांगतात). तरी ती गाडी या पट्ट्याची होती. दुष्काळी भागातला पेशंट मिशन हॉस्पिटलला यायचा तो तिनंच. बाजारची पाटी, शाळेची पोरं, कुणाच्या लग्नाची भांडी, सगळं तिच्यात चढायचं.

माझी मागणी एकच. सकाळी कॉलेज, ऑफिस आणि ओपीडीच्या आधी मिरजेत पोचेल आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मिरजेतनं सुटेल अशी डेमू (जवळच्या अंतराची, डिझेलवरची पॅसेंजर गाडी). सांगोल्यापर्यंत, सगळ्या थांब्यांवर. गाडी रिकामी जाते म्हणणाऱ्यांनी आधी वेळ बघावी.

रुळावरचा

भावना पोचल्या, आता व्यवहाराचं बोलू.

नॅरोगेजच्या, म्हणजे त्या अडीच फुटी रुळांच्या, आठवणी काढणाऱ्यांनी मिरजेचं आणि कुर्डुवाडीचं यार्डही आठवावं. वाघीण (मालाचा डबा) पुढं जाऊ शकत नव्हती, कारण पुढचे रूळच वेगळ्या मापाचे. एका डब्यातनं पोतं उतरवा, पाठीवर घ्या, दुसऱ्या डब्यात टाका. हमाली वेगळी, फुटतूट वेगळी, आणि मधल्या मधे गळती झाली ती कुणाच्या नावावर टाकायची यावर भांडण वेगळं. मिरजेत एके काळी नॅरो, मीटर आणि ब्रॉड अशी तिन्ही गेजं होती. बघायला मजा, व्यापाऱ्याच्या डोक्याला ताप.

एप्रिल 2016 आठवा. लातूर तहानलं होतं. मिरजेत कृष्णेचं पाणी वाघिणींत भरून जलदूत ही पाण्याची गाडी गेली ती याच मार्गानं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे 50 हजार लिटर. पुढं 50 वाघिणींची गाडी झाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, मधे कुठंही पाणी उपसून दुसरीकडं ओतावं लागलं नाही. अडीच फुटी रुळावर हे झालं असतं? ही लाइन लांबच्या कामाची आहे, तिला तेच करू द्या.

सांगोलकर

जलदूतच्या जोडीला किसान रेल, शेतमालाची गाडी, पण लिहा की. देशातली शंभरावी किसान रेल 28 डिसेंबर 2020 ला सुटली ती आमच्या सांगोल्यातनं, थेट बंगालात शालिमारला. डाळिंबाच्या पेट्या फलाटावर अशा रचल्या होत्या की माणसाला चालायला जागा नाही. त्या दिवशी कळलं ब्रॉडगेज म्हणजे काय ते.

पूर्वभागवाला

@सांगोलकर, भाड्यात 50 टक्के सवलत होती ते पण लिहा की. आणि @रुळावरचा, जलदूतचा मान आहेच. पण पाण्याची गाडी गेली म्हणून माणसांची गाडी नको, हा कुठला न्याय? दोन्ही एकाच रुळावरनं जातात.

एस्टीची पासवाली

मी ढालगावच्या बाजूची, रोज मिरजेला नोकरीला. तुमच्या दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. मार्च 2023 पासून एस्टीत बायकांना अर्धं तिकीट आहे. एस्टी गावात येते, स्टेशन गावाबाहेर असतं. जत रोड स्टेशनचं नाव ऐकून उतरलेल्या नव्या माणसाला जत शोधायला सांगा, दिवस मावळेल बिचाऱ्याचा.

आणि संध्याकाळच्या गाडीचं म्हणाल तर, नोव्हेंबरात साडेसातला खाली उतरलं की फलाटाच्या टोकापर्यंत एक दिवा. पुढं बाभळीतनं कच्चा रस्ता. मोबाइलची बॅटरी लावून, चप्पल हातात घेऊन, कुत्री मागं. सोबत उतरणारा एखादाच, तोही मोटारसायकलला किक मारून निघून जातो. वेळ बदला म्हणता, पण हे कोण बदलणार?

रुळावरचा

ताईंनी नेमकं सांगितलं. शिवाय रत्नागिरी-नागपूर महामार्ग चौपदरी झालाय. कवठेमहांकाळ ते मिरज मोटारसायकलवाला गाडीची वाट कशाला बघेल?

दुसरं असं की लाइन एकेरी आहे. प्रत्येक थांब्यावर थांबणारी डेमू सोडली की समोरनं येणाऱ्या एक्स्प्रेसला कुठल्या तरी स्टेशनात क्रॉसिंगला उभं करावं लागतं, नाहीतर डेमूला. शंभरदा बघितलंय, बाजूला पडते ती डेमूच. मग तुम्हीच लिहिणार, गाडी उशिरा येते. आणि एक रेक (डब्यांचा पूर्ण संच) मोकळा असला तर तो मिरज-कोल्हापूरला लावला की जागच्या जागी भरतो. सलगऱ्याला कुणी का द्यावा?

फलटणची सून

साताऱ्याकडनं एक भर. लोणंद-फलटण लाइनीसाठी आमच्याकडं किती वर्षं वाट बघितली! 30 मार्च 2021 ला फलटण-पुणे गाडी सुरू झाली, फुलं, पेढे, सगळं. पण लोणंदवरनं जेजुरी करत पुण्याला जायचं म्हणजे वळसाच. घाईचा माणूस एस्टीच पकडतो. रूळ आला म्हणून माणूस आपोआप चढत नाही एवढंच म्हणते. पुढं पंढरपूरपर्यंत लाइन गेली तर चित्र वेगळं असेल, पण ते ऐकून ऐकून आमचे सासरे थकले.

पूर्वभागवाला

माणूस चढत नाही की चढायचा बंद केला? कोविडनंतर पॅसेंजरची एक्स्प्रेस स्पेशल केली. डबे तेच, थांबे तेच, वेग तोच, फक्त किमान तिकीट 10 चं 30. 2024 मध्ये जुनं भाडं परत आलं, तोवर लोक वडापला लागले होते. म्हाताऱ्या माणसांची सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच. तिकडं एस्टीत 75 च्या पुढच्यांना फुकट. दोन्हीकडं पाय बांधून पळायला लावायचं आणि मग म्हणायचं, बघा हरला.

एकेरी लाइनचं मान्य. पण आषाढीला जादा गाड्या सोडता तेव्हा क्रॉसिंग कसं जमतं? जमवायचं ठरवलं की जमतं.

आडतवाला

तुम्ही माणसांवर भांडताय, इथं द्राक्ष नि बेदाणा अजून ट्रकनं जातोय. रांजणीचं ड्राय पोर्ट (समुद्रापासून लांब, मालाच्या निर्यातीचं केंद्र) ऐकून कान किटले. मालासाठी धक्का आणि शेड बांधा, पैसा आला की तुमची डेमू मागनं येईल.

एस्टीची पासवाली

@आडतवाला, मागनं म्हणजे माझ्या रिटायरमेंटनंतर ना?

रुळावरचा

वारीचं उदाहरण चालणार नाही. चार दिवस सगळं यार्ड जागं ठेवता येतं, वर्षभर नाही. तरी एक सांगतो, नुसता ग्रामपंचायतीचा ठराव पाठवून काही होत नाही, असे ठराव गठ्ठ्यानं पडून असतात. कुठल्या स्टेशनातनं किती जण पास काढणार ते लिहून द्या. आकडा असला की आतला माणूसही वर काहीतरी मांडू शकतो.

पूर्वभागवाला

चला, कामाचं काहीतरी निघालं. आरग ते ढालगाव, रोज मिरजेला येणाऱ्यांनी इथंच गाव, निघायची वेळ आणि परतायची वेळ लिहा. नावं नकोत.

सलगरेकर

सलगरे. सकाळी सात, परत सहा. आठवडी बाजाराला सोबत आई असते.

एस्टीची पासवाली

ढालगाव. निघायचं साडेसहा, परत साडेपाच. स्टेशनच्या रस्त्याला दिवे लागले तरच मला धरा, नाहीतर माझा आकडा वजा करा.