दक्षिण-पश्चिमला ‘गड’ म्हणायचं, तर घटणाऱ्या लीडचं काय करायचं?

खामला_चौक
काल टपरीवर पुन्हा तोच वाद निघाला, चहा गार झाला, म्हणून धागाच काढतो. ५२ नंबरचा मतदारसंघ, नागपूर दक्षिण-पश्चिम, म्हणजे फडणवीसांचा गड, असं जो तो छाती ठोकून सांगतो. २००८ च्या पुनर्रचनेत ही जागा तयार झाली, तेव्हापासून चार निवडणुका आणि चारही त्यांच्याच. मान्य. पण लीड बघा ना. २००९ ला काँग्रेसच्या विकास ठाकरेंवर २७,७७५. २०१४ ला प्रफुल्ल गुडधेंवर ५८,९४२. २०१९ ला, स्वतः मुख्यमंत्री असताना, आशिष देशमुखांवर ४९,३४४. आणि २०२४ ला पुन्हा गुडधे समोर, तेव्हा ३९,७१०. दोन्ही खेपेला साडेनऊ-साडेनऊ हजार उतरले.

बरं, २०२४ साल काही भाजपला वाईट नव्हतं. शेजारच्या नागपूर दक्षिणमध्ये भाजपचे मोहन मते २०१९ ला ४,०१३ नं कसेबसे निघाले होते, ते या वेळी पंधरा हजारांच्या वर गेले. नागपूर मध्यमध्ये भाजपचे ४,००८ चे ११,६३२ झाले. पूर्वला कृष्णा खोपडेंचं लीड लाखाच्या पलीकडे. शहरात भाजपनं ज्या चार जागा राखल्या त्यातल्या तीन ठिकाणी लीड फुगलं, एकाच ठिकाणी आटलं. ते एक ठिकाण म्हणजे हे.

माझं म्हणणं एवढंच: इथे गड वगैरे काही नाही, समोर कोणी तळ ठोकून बसत नाही. ठाकरे २००९ ला इथे हरले आणि पश्चिमला गेले. तिथे २०१४ ला पुन्हा हरले, पण जागा सोडली नाही. २०१९ ला जिंकले, २०२४ ला राखली. इकडे काँग्रेसनं काय केलं? गुडधेंना २०१४ ला लढवलं, २०१९ ला बाजूला बसवलं आणि वर्षभरापूर्वी भाजपची आमदारकी सोडून आलेल्या देशमुखांना उभं केलं. ते देशमुख पुढे भाजपात परत गेले आणि २०२४ ला सावनेरहून भाजपचेच आमदार झाले! असा समोरचा गडी असेल तर तटबंदी कशाला लागते?

तर्री_मारके
काऊन भाऊ, लीड मोजून काय भेटते? कुस्तीत चीत झाला म्हंजे झाला. पाठ किती जोरात आपटली हे कोनी इचारते का?

आकडेमोडे
@खामला_चौक, आकडे बरोबर, हिशेब अर्धा. लीड ही दोघांच्या मतांची वजाबाकी असते, तुम्ही फक्त उत्तर दाखवताय. मुळातली मतं मांडू. २०१९: फडणवीस १,०९,२३७, देशमुख ५९,८९३. २०२४: फडणवीस १,२९,४०१, गुडधे ८९,६९१. म्हणजे फडणवीसांची मतं वीस हजारांनी वाढली, समोरची तीस हजारांनी. टक्क्यात बघितलं तर फडणवीस दोन्ही वेळा ५७ च्या आसपास, जागचे हलले नाहीत. समोरचा ३१ वरून ३९ वर आला. हे आठ टक्के गडातून फुटलेले नाहीत, तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराकडचे आहेत. २०१९ ला वंचित आणि बसपामध्ये वाटली गेलेली मतं या वेळी एका जागी आली. दीक्षाभूमी याच मतदारसंघात आहे हे विसरू नका. दहातल्या जवळपास सहा मतदारांनी जागा सोडली नाही, तर गड ढासळला कसा म्हणायचा?

आणि तुमचा ‘तळ ठोका, जिंका’ सिद्धांत दक्षिणमध्येच आपटतो. काँग्रेसचे गिरीश पांडव २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा तेच. मध्यमध्ये बंटी शेळके, दोन्ही वेळा तेच. दोघंही दुसऱ्यांदा जास्त मतांनी पडले.

मानेवाडा_रोड
पांडवांचं उदाहरण मीच देणार होतो. चार हजारांत हरलेला माणूस पाच वर्षं रोज लोकांच्या सुखदुःखाला जातो, तेरवी चुकवत नाही, बारसं चुकवत नाही, आणि निकालात आणखी मागे पडतो. लाट असली की तेरव्या कामी येत नाहीत.

खामला_चौक
@आकडेमोडे, मतविभागणीचं पटलं, पण मग माझंच सिद्ध झालं की. २०१४ ला जवळपास पंचावन्न हजार मतं आणि २०२४ ला जवळपास नव्वद हजार, माणूस तोच, गुडधे. मध्ये त्यांना बसवलं नसतं तर?

बुडाला_टेबल
मी दोन्ही वेळा बूथवर होतो, पक्ष सांगत नाही, ओळखायचं त्यानं ओळखावं. गड कुठे असतो ते तिथे दिसतं. आमच्या टेबलावर यादीचं पान फळीला चिमटा लावून ठेवलेलं असायचं. मत देऊन आलेल्याच्या नावावर पेन्सिलीची रेघ. अकरा वाजता ज्या घरावर एकही रेघ नाही तिथे फोन. “काकू, निघताय ना? गाडी पाठवू?” एक काकू दरवेळी म्हणायच्या, कुकर होऊ दे रे. मग आमचा पोरगा शिट्ट्या मोजत त्यांच्या फाटकाशी उभा. २०१९ ला समोरच्या टेबलावर दुपारी एकलाच फक्त खुर्ची उरली होती, चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच. २०२४ ला तिथे संध्याकाळपर्यंत चार पोरं बसली होती आणि शेवटी १७-सी ची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या नोंदीची, प्रत घेऊन, आकडा दोनदा वाचूनच उठली. त्यामुळे लीड का घटलं म्हणाल तर त्या चार पोरांमुळे. बाकी सिद्धांत तुमचे तुम्ही बघा.

महालातला
एक गंमत कोणीच लिहिली नाही. १९९० आणि ९५ ला जुन्या पश्चिममधून भाजपचे आमदार कोण? विनोद गुडधे पाटील. १९९९ ला त्याच जागेवर फडणवीस आले. २०१४ आणि २०२४ ला फडणवीसांसमोर काँग्रेसकडून कोण? त्याच गुडधे पाटलांचे चिरंजीव. आता पुढचं. २००४ ला पश्चिममध्ये फडणवीसांनी रणजीत देशमुखांना हरवलं, २०१९ ला इथे त्यांच्या चिरंजीवांना. दोन घरांचं पंचवीस वर्षांचं राजकारण एका माणसाच्या भोवती फिरतंय आणि आपण वंचितची मतं मोजत बसलोय.

तर्री_मारके
हाव ना बावा! हे मले पटलं.

प्रतापनगर_ताई
सगळे पुरुष कुस्ती, तटबंदी आणि चिरंजीवांवरच बोलताय. आमचं घर तेच, गल्ली तीच. सासऱ्यांनी आयुष्यभर ‘पश्चिम’ला मत दिलं, २००९ ला चिठ्ठी आली ‘दक्षिण-पश्चिम’ची. ते बूथवरच अडून बसले, माझं नाव चुकीच्या मतदारसंघात टाकलंय म्हणून. समजावता समजावता अर्धा तास गेला. पुनर्रचनेत जुन्या पश्चिमचा भाजपकडे झुकलेला बराच भाग इकडे आला, म्हणून फडणवीसही इकडे आले. पश्चिम पुढे २०१९ ला काँग्रेसकडे गेलं, त्याची सुरुवात मला तरी त्या नकाशात दिसते.

आकडेमोडे
ताई, अर्धं मान्य. पण पुनर्रचनेनंतरही २००९ आणि २०१४ ला पश्चिम भाजपच्या सुधाकर देशमुखांकडेच होतं. नकाशानं पाडायचं असतं तर दहा वर्षं थांबला नसता. आणि गडांचं बोलायचं तर एके काळी पूर्व म्हणजे सतीश चतुर्वेदी असंच समीकरण होतं. २००९ ला खोपडेंनी त्यांना पाडलं, त्यानंतर काँग्रेसला ती जागा परत मिळालेली नाही.

खामला_चौक
मग हेच तर म्हणतोय! चतुर्वेदींबद्दल २००४ ला कोणी लिहिलं असतं तर तुम्ही त्यालाही ‘हिशेब अर्धा’ म्हणाला असता.

आकडेमोडे
म्हणालो असतो. ५७ टक्के घेऊन पडलेला आमदार दाखवा, लगेच मागे घेतो.

बुडाला_टेबल
मतदार याद्यांचा विषय इथे कोणी काढू नका म्हणजे झालं. २०२४ च्या निकालाविरुद्ध गुडधे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेले होते, तिथे वकील असतात. आपल्याकडे फक्त टपरी आहे.

मानेवाडा_रोड
आणि टपरीचं बिल अजून खामला_चौकनं दिलेलं नाही.