जुन्या घराचे काम आणि रोजचा स्वयंपाक : आपापले अनुभव लिहावेत

जुने घर दुरुस्तीला काढले की गवंडी, सुतार, प्लंबर यांच्या तारखा ठरतात, अंदाजपत्रक होते, वाळूची गाडी कुठे ओतायची हेसुद्धा ठरते. मात्र त्या काळात घरच्या माणसांनी दोन वेळा काय आणि कुठे जेवायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ म्हणून सोडून दिलेला असतो. ज्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड न करता त्याच घरात राहून काम करून घेतले, त्यांचे अनुभव येथे एकत्र यावेत, अशी इच्छा आहे. शेगडी कुठे हलवली, भांडी कुठे घासली, काय शिजवणे सोडून दिले आणि स्वयंपाकामुळे कामाचा क्रम कसा बदलावा लागला, एवढे आवर्जून लिहावे. टाइल्सचे रंग आणि मॉड्युलर कपाटांचे भाव यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे नको. सुरुवात माझ्यापासून करते.

गुहागर तालुका

आमचे घर जांभ्या चिऱ्यांचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. कोकणात छपराचे काम शिमगा झाल्यावर हाती घेतात आणि जूनचा पहिला आठवडा ही त्याची पक्की मुदत असते, कारण मिरगाचा पाऊस कोणाच्याही सुतारासाठी थांबत नाही. पंचाईत अशी की, नेमक्या याच दिवसांत वर्षाची बेगमी करायची असते. पापड, फेण्या, सांडगी मिरच्या, फणसाची साटे, कोकमाची सोले या सगळ्यांना ऊन लागते आणि अंगण लागते, आणि आमच्या त्याच अंगणात उतरवलेल्या कौलांच्या रांगा लागल्या होत्या. कौलांवरचे वाळके शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडले जात असताना शेजारी सोले वाळत घालणे शक्य नव्हते. त्या वर्षी पापड आणि फेण्या बचत गटाकडून विकत घेतल्या, साटे केलीच नाहीत, आणि सोले मात्र सासूबाईंनी हट्टाने शेजारच्या वाडीतल्या अंगणात वाळवली.

स्वयंपाकघरावरचे छप्पर सर्वांत शेवटी उतरवावे, असे आमच्या सुताराने सुचवले आणि ते योग्यच होते. तिथले वासे आणि रिपा पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने काळ्याकुळकुळीत झालेल्या, पण टणक होत्या. जिथे चुलीचा धूर कधी पोचलाच नाही, त्या बाजूच्या खोलीतील वाशांना मात्र भुंग्याने पोखरून त्यांचा भुसा केला होता. कौले निघाली की वाशांवरची काजळी पापुद्र्यापापुद्र्याने खाली येऊ लागते आणि ती एका दिवसात संपत नाही, त्यामुळे त्या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा तो काम पुरे झाल्यावरच, हे गृहीत धरावे.

शेगडी पडवीत नेणे ही काही मोठी गोष्ट नव्हती. खरी अडचण पाण्याची होती. पडवीत नळ नाही आणि सांडपाण्याला वाटही नाही. तांदूळ धुवायचे, मासळी साफ करायची, खरकटे टाकायचे, या प्रत्येक कामासाठी विहिरीजवळच्या दगडी डोणीपर्यंत जाऊन यावे लागे. तेव्हा माझे सांगणे एवढेच की, कामाचा नारळ फुटण्याआधी प्लंबरला बोलावून मागील दारी एक तात्पुरता नळ काढून घ्यावा आणि सांडपाण्याचा पाइप माडांच्या आळ्यांत सोडावा, मगच बाकीच्या कारागिरांना आत घ्यावे. गॅस उचलून कुठेही नेता येतो. मोरी नेता येत नाही.

कामावरच्या माणसांना सकाळी दहाच्या सुमारास पेज देण्याची पद्धत सासऱ्यांनी मोडू दिली नाही. आधी मला ते ओझे वाटले होते, पण उकड्या तांदळाच्या एकाच मोठ्या टोपात घरचे आणि कामावरचे सगळेच जेवू लागले, बरोबर लोणचे आणि भाजलेले सुके बांगडे असत, आणि सकाळच्या नाश्त्याचा वेगळा खटाटोप आपोआप सुटला.

पुणे, शनिवार पेठ

आमच्या वाड्याच्या तळमजल्याने पानशेतचा पूर पाहिलेला आहे. १२ जुलै १९६१ नंतर घरच्यांनी भिजलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्या काळी तोच शहाणपणाचा उपाय वाटला असणार. परंतु मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीत जमिनीतून वर चढलेली ओल बाहेर पडावी लागते आणि सिमेंट ती कोंडून धरते. मग पोपडे सुटतात, क्षार फुलून येतात आणि भिंतीतल्या फडताळात ठेवलेले पोहे चार दिवसांत सादळतात. म्हणून सगळा सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करायचे ठरले, आणि स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर गेले.

वर स्वयंपाक करणे जमले, पण पाणी चौकातच राहिले. चौकात नळ एक, त्याच्या एका बाजूला चुना विझवण्याचा हौद आणि दुसऱ्या बाजूला आमची भांडी. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की ते अक्षरशः खदखदू लागते आणि त्याचा शिंतोडा डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. त्यामुळे मुले घरात असताना चुना विझवायचा नाही, अशी अट मुकादमाला घालावी लागली. पुढे नळाचेही वेळापत्रक झाले. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर नळ आमचा, मधला सगळा वेळ गवंड्यांचा. दुपारची उष्टी भांडी संध्याकाळपर्यंत टबात भिजत ठेवायची, हे आमच्या घरात कोणालाही रुचणारे नव्हते, पण सर्वांनी ते मान्य केले.

या काळात सगळ्यांत उपयोगी पडली ती आजेसासूबाईंची शिस्त, जिला आम्ही एरवी सोवळ्याची कटकट म्हणत असू. कणीक मळायची ती कारागीर येण्यापूर्वी, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची. झाकण नसलेले भांडे ओट्यावर राहता कामा नये. पिण्याच्या पाण्याला बाहेरच्या हाताने शिवायचे नाही. यातल्या प्रत्येक नियमाला घरात चुन्याची धूळ उडत असताना चोख अर्थ होता. देवाचा वरणभात आजेसासूबाई देवघराच्या कोपऱ्यात छोट्या शेगडीवर स्वतः करीत आणि जिन्यावरून पाणी चढवण्याचे काम तेवढे नातवंडांकडे देत.

चुन्याचा गिलावा घाई सहन करत नाही. तो सावकाश सुकू द्यावा लागतो आणि ताज्या, सच्छिद्र भिंतीवर फोडणीचा तेलकट धूर बसला की तो डाग निघत नाही. आम्ही खाली परतलो तरी बरेच दिवस तळण वरच्याच मजल्यावर केले. पितृपंधरवड्यात काम थांबवले होते, त्याबद्दल मुकादमाची नाराजी झाली. पण श्राद्धाचा स्वयंपाक आणि गिलावा एका नळावर होत नाही, हे त्यालाही कळत होते.

धाराशिव जिल्हा

आमचे माळवदाचे घर होते. लाकडी तुळयांवर किलचांची फळी, तिच्यावर पाला आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचे जाड थर. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, त्यामुळे आईला ते मोडायचे नव्हते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि अशीच जड माळवदे अंगावर येऊन हजारो माणसे दगावली, आणि आमच्या भागात ती भीती घराघरांत आहे. शेवटी माती उतरवून हलके पत्रे घालायचे आणि भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओतायचा, असे ठरले.

माळवदाची माती खाली येते तेव्हा काय होते, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. तिच्या पिठासारख्या धुळीने पापण्यासुद्धा पांढऱ्या होतात. ज्वारीची पोती, डाळींचे डबे आणि वर्षाचे तिखट आधीच चुलत्यांच्या घरी नेऊन ठेवले होते. चूल गोठ्याच्या पुढच्या भागात मांडली, मात्र तिथली कडब्याची गंज आधी हलवली आणि मगच काडी ओढली. हे सांगण्याचे कारण असे की, घाईच्या दिवसांत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. भाकरीला आडोसा लागतो. उघड्यावर काटवटीतले पीठ वाऱ्याने उडते, जाळ एका बाजूला जातो आणि भाकरी एकीकडे करपून दुसरीकडे कच्ची राहते. एक जुना पत्रा उभा करून वडिलांनी तो आडोसा केला. कालवण रोज एकच, बहुधा पिठले किंवा शेंगा घातलेली आमटी, जोडीला खरडा आणि शेंगदाण्याची चटणी. भांडी जितकी कमी निघतील तितके बरे, या एकाच हिशेबाने बेत ठरत असे.

वर पुण्याच्या ताईंनी नळाबद्दल लिहिले आहे. आमच्याकडे मे महिन्यात नळच नव्हता. काँक्रीटच्या पट्ट्यावर ओली पोती घालून निदान सात दिवस तो भिजता ठेवावा लागतो, नाहीतर त्याला तडे जातात आणि सगळा खर्च वाया जातो. टँकर आला की पट्ट्याला किती आणि रांधायला किती, यावर आई आणि गवंडी यांच्यात रोज घासाघीस चाले. गवंडी बहुतेक वेळा हरत असे. मग वडिलांनी पट्ट्याचे काम दोन भागांत करायला लावले, म्हणजे एका वेळी निम्म्याच पोत्यांना पाणी लागावे. इंजिनिअरने सांध्याबद्दल कुरकुर केली, गजांना पुरेशी लांबी सोडून सांधा नीट जोडायला लावला आणि मग परवानगी दिली.

नाशिक

मूळ प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की स्वयंपाक जी करत आली आहे, तीच करत राहील. आमच्या घराचे काम चालू असताना पत्नीची नोकरी चालू होती आणि मी निवृत्त होतो, म्हणजे कारागिरांवर लक्ष ठेवायला दिवसभर मीच घरी असे. त्यामुळे कुकर मी लावू लागलो आणि संध्याकाळच्या पोळ्या ती करू लागली. सुरुवातीला डबा लावून पाहिला होता. तरुण माणसांना तो चालतो, परंतु आमच्या आईला मधुमेह असल्यामुळे वेळेवर आणि बेताचे खाणे आवश्यक होते, आणि डब्याची वेळ आपल्या हातात नसते. डबा बंद करून मूगडाळीची खिचडी, उकडलेल्या भाज्या आणि ताक एवढ्यावर आम्ही राहिलो, आणि त्याने कोणाचेही काही अडले नाही. काम चालू असतानाही चारीठाव स्वयंपाक झालाच पाहिजे, हा आग्रह बहुतेक वेळा जो रांधत नाही, त्याचाच असतो.

मुंबई, गिरगाव

दोन खोल्यांच्या घरात ‘स्वयंपाकघर हलवले’ असे म्हणायलाही जागा नसते. मोरी स्वयंपाकघरातच होती आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतात तिचे पाणी उतरत होते, म्हणून ती पूर्ण फोडून खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा करून नव्याने वॉटरप्रूफिंग करावे लागले. त्यानंतर मोरीत पाणी तुंबवून ठेवून खालच्या छतावर ओल दिसते का, हे पाहायचे असते. ती परीक्षा होईपर्यंत मोरी वापरता येत नाही; कंत्राटदार ‘चालून जाईल’ म्हणाला तरी ऐकू नये.

आम्ही बाहेरच्या खोलीत इंडक्शनवर भागवले. त्याबाबत दोन गोष्टी लिहून ठेवतो. इंडक्शन पूर्ण आचेवर सुमारे २००० वॅट घेते, तेव्हा ते १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावावे. जुन्या चाळीतल्या साध्या प्लगवर आणि त्यात टाइल कापायचे यंत्रही चालू असताना लावले तर मेन ट्रिप होतो आणि अर्धा कच्चा भात तसाच राहतो. कारागिरांच्या जेवणाच्या सुट्टीत आमचा कुकर लागत असे. दुसरी गोष्ट गॅसची. तो हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत साचतो, म्हणून ग्रिलचे वेल्डिंग असेल त्या दिवशी रेग्युलेटर काढून सिलिंडर घराबाहेर ठेवावा. भांडी मजल्यावरच्या सामाईक नळावर घासली आणि त्यासाठी शेजाऱ्यांची आधी परवानगी घेतली. चाळीत हे एक वाक्य बोलण्याने पुढचे पुष्कळ वाद टळतात.

बार्देश, गोवा

आमच्या स्वयंपाकघराची दारे-खिडक्या जुन्या, आणि त्यांच्यावर ऑइलपेंटचे किती थर चढले होते कोण जाणे. घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्यापूर्वीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ अन्नात जाऊ देणे धोक्याचे आहे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. आम्ही दारे-खिडक्या बिजागऱ्यांतून काढून अंगणात नेल्या, ओल्या करून खरवडल्या, आणि खरवड पिशवीत भरून वेगळी टाकली. तोवर चौकटींना प्लॅस्टिक ठोकून आत शीत-कडी शिजत होती, फार उकडत होते, पण मासे उघड्यावर भाजण्याची हौसही त्या निमित्ताने फिटली.

नव्या ओट्याबद्दल एक सूचना. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा दगड आहे आणि आंबट पदार्थ त्याला खातो. सोलकढी करताना कोकमाचे पाणी सांडले आणि लगेच पुसले नाही, तर तिथे पांढुरका, खरखरीत डाग राहतो. मांडणीच्या फळ्यांना कडप्पा आणि ओट्याला ग्रॅनाइट, अशी विभागणी आमच्याकडे केली. ओट्याची उंची मात्र गवंड्याच्या मापाने ठेवू दिली नाही. आईला पाट्यासमोर नव्हे, मिक्सरसमोर उभे केले, कोपरापासून खाली वीतभर अंतर मोजले आणि त्या खुणेवर दगड बसवला.