मदत हवी आहे: खरा गंधार कुठला, तंबोऱ्याचा की पेटीचा?

सिंधुदुर्गातल्या भजनी मंडळांसाठी स्वरावर एक टिपण करायचं आहे, तिथे गाडी अडली आहे.

काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज, म्हणजे सा, धरा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारेतून (१३८.६ हर्ट्झ) पाचपट कंपनाचा स्वयंभू (आपोआप उमटणारा) गंधार, म्हणजे ग, निघतो, ६९३ हर्ट्झ. पेटीवर त्याच जागेची पांढरी चार वाजते ६९८.५ वर, म्हणजे १४ सेंट चढी (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). दोन्ही एकत्र धरले की आवाज कमीजास्त होत सेकंदाला साडेपाच लाटा येतात. जवारी (तारेला झणकार देणारी घोडीवरची जुळणी) नीट उघडलेली असेल तर त्या साध्या कानालाही कळतात. डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) गजरात अर्थातच कोणाला पत्ता लागत नाही.

पेटीची पितळी पाती मुळाशी खरवडून स्वर उतरवता येतो (टोकाशी खरवडली तर चढतो). पण काळी दोनचा गवय्या बसला की तीच १४ सेंट उतरवलेली पांढरी चार त्याचा रिषभ (रे) होते, आणि तो शुद्ध रिषभापेक्षा १८ सेंट उतरा लागतो. म्हणजे एकाचं खरं ते दुसऱ्याचं बेसूर.

मग 'खरा' गंधार राहतो कुठे: तारेत, गणितात की ऐकणाऱ्याच्या सवयीत? भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. एकात गंधार वादी (मुख्य स्वर), दुसऱ्यात धैवत, आणि राग वेगळे. म्हणजे अर्थ नुसत्या कंपनसंख्येत नाही, एवढं तरी नक्की. पण मग सूर चुकला असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

पेटी लावणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनी कृपया सांगावं: गाताना गळा पेटीकडे झुकतो की तंबोऱ्याकडे? ठेहरावावर आणि द्रुत तानेत फरक पडतो का?