नॅनो करक्युमिनने ब्रेन ट्युमरवर फरक पडतो का? काकांसाठी विचारतोय

साखरपेठकर: नमस्कार मंडळी. काकांना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा कॅन्सर) निघालाय, ग्रेड ४ म्हणजे सगळ्यात वरची. ऑपरेशन झालं, आता रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्या चालू आहेत. घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की हळदीतलं करक्युमिन नॅनोपार्टिकलमधून दिलं की मेंदूतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, आणि चुलतभावाने लगेच ऑनलाइन बाटली मागवली पण. काकू म्हणते हळदच आहे की, काय होतंय. मला धास्ती वाटतीय.

फार्मावाली_जुळेसोलापूर: दादा, बाटली आत्ता सुरू करू नका. माझा एम.फार्मचा प्रोजेक्ट यावरच होता. बातमी खोटी नाही, पण ती लॅबच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवरची आणि उंदरांमधली आहे. डिशमध्ये आपण औषध थेट पेशींवर टाकतो, माणसाच्या मेंदूत तसं जमत नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, ब्लड ब्रेन बॅरियर म्हणतात ते हेच, आणि त्यातून काही शिरलंच तर तिथले पंप ते परत बाहेर टाकतात. त्यात करक्युमिन पाण्यात विरघळतच नाही, बीकरमध्ये कितीही हलवा पिवळी भुकटी तळाला बसते नाहीतर काचेला चिकटते. पोटात घेतलं तर रक्तात फार थोडं पोचतं, आणि तेही लिव्हर लगेच बदलून टाकतं. म्हणून ते पॉलिमरच्या किंवा लिपिडच्या १००-२०० नॅनोमीटरच्या कणात भरतात आणि वरून ट्रान्सफेरिनसारखं (रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन) काहीतरी लावतात, कारण बॅरियरच्या पेशींवर लोह आत घ्यायला ट्रान्सफेरिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे हुक, असतात, त्यांना धरून कण पलीकडे जावा म्हणून. हे सगळं बहुतेक शिरेतून देऊन बघतात. बाजारातल्या 'नॅनो' कॅप्सूल पोटातून जास्त शोषलं जावं एवढ्यासाठीच असतात, दोन्ही एक नाही.

बार्शीकर: ताईंशी सहमत. झाडांतून कॅन्सरची औषधं येतात हे मात्र शंभर टक्के खरं आहे. व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून येतं. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं, त्याच्यापासून इरिनोटेकन बनलं आणि ते लायपोसोममध्ये (चरबीच्या अतिसूक्ष्म पिशवीत) भरलेलं औषध २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी. टेमोझोलोमाइड मात्र मेंदूत पोचतं. २००५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये नुसत्या रेडिएशनवर निम्मे पेशंट १२.१ महिन्यांपुढे जगले, सोबत ही गोळी दिली तर १४.६. आकडा काकूंसमोर बोलू नका, पण गोळी एकही चुकवू नका.

साखरपेठकर: ताई, पण घेतलं तर अपाय आहे का? भाऊ ऐकत नाहीये.

फार्मावाली_जुळेसोलापूर: हो, होऊ शकतो. करक्युमिनच्या सप्लिमेंटने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आणि रक्त गोठण्यावरही परिणाम होऊ शकतो. टेमोझोलोमाइडने आधीच प्लेटलेट कमी होतात, म्हणून तर सारखं सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करायला लावतात. आमटीतली हळद चालू द्या, त्याला काही नाही. भावाला घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे (कॅन्सरच्या डॉक्टरांकडे) जा, बाटलीवरचं लेबल दाखवा, त्यांच्या तोंडून ऐकलं की पटेल त्याला. आणि नवीन औषधाची ट्रायल चालू आहे का तेही तिथेच विचारा, भारतातल्या ट्रायल सीटीआरआयच्या (ट्रायलची सरकारी नोंदवही) साइटवर फुकट बघता येतात. ट्रायलसाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या.