दादरचं पोर्तुगीज चर्च: जुनी इमारत पाडायला नको होती

शिवाजीपार्ककर
दादरला 'पोर्तुगीज चर्चपाशी भेटू' म्हटलं की कुणाला जास्त सांगावं लागत नाही. पण मान वर करून बघा, तिथे पोर्तुगीज काय उरलंय? १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी स्थापन केलेलं हे साल्व्हासांव चर्च. जुनी वास्तू उतरवून १९७४ ते ७७ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी काँक्रीटचं नवं उभारलं. कोरियांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही, पण त्यांना मोकळी जागा द्यायला हवी होती! माहीमच्या सेंट मायकलची तीच तऱ्हा: स्थापना १५३४ ची, इमारत १९७३ ची. पाडापाडीची साथच आली होती म्हणायची.

माहीमकरीण
साथ नव्हे, दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५), म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा. त्याआधी फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायचे. मग ते लोकांकडे तोंड करून लोकांच्या भाषेत म्हणू लागले. लांबोडक्या जुन्या दालनात मागच्या बाकावरच्याला काय दिसणार? कोरियांनी छप्पर आणि उघडं आकाश एकमेकांत गुंतवलं. एका अंगणातून दुसऱ्यात जाता जाताच मन ताळ्यावर येतं. फोटो बघून मत देऊ नका, एकदा आत जाऊन बसा.

शिवाजीपार्ककर
बसलोय. छान वाटतं. म्हणून आधीचं पाडलं ते बरोबर ठरतं का? वेदी पुढे सरकवायला अख्खं चर्च पाडावं लागत नाही. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १५७५ चं, तिथेही मिस्सा बदललीच की. आवारात एकाच दगडातून घडवलेला उंच क्रूस आहे. त्याच्यावर येशूच्या यातनांची चिन्हं वरपासून खालपर्यंत कोरलीत. हात लावला की छिन्नीचे घाव बोटांना कळतात. असलं काही काँक्रीटमध्ये ओतून मिळत नाही.

गडप्रेमी
पण परक्यांच्या खुणांसाठी एवढी हळहळ कशाला? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती कशासाठी?

वसईवाला
गडप्रेमी, वसईच्या किल्ल्यातली चर्चं पडली, आम्ही कुठे पडलो? आजूबाजूच्या गावांतून मराठीत मिस्सा चालूच आहे. नागासाकीत १५९७ मध्ये क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया वसईतच जन्मले. ते परके कसे हो? आणि वसईच्या विजयाची खूण म्हणून आणलेली घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आजही आहे, ती तुम्हीही कौतुकाने दाखवता.
शिवाजीपार्ककर, तुमच्याशीही माझं पटत नाही. किल्ल्यात दगड आहेत, माणसं नाहीत. दादरला दर रविवारी बाक भरतात. मी दादरच घेईन.

शिवाजीपार्ककर
दोन्ही का नको? पुढचा दर्शनी भाग ठेवून मागे हवं ते बांधता आलं असतं.

माहीमकरीण
पुढे मुखवटा, मागे काँक्रीट! त्यापेक्षा पूर्ण नवं बरं. निदान खोटं तरी बोलत नाही.

ड्रॉइंगबोर्ड
तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीच्या पाडकामावर भांडताय, इकडे नवी इमारतही जुनी झाली. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते आणि वरचं आवरण सुटतं. दगडी भिंतीची डागडुजी गवंडी करतो, हिला जाणकार लागतो, पैसाही लागतो. पणजीला कोरियांच्याच कला अकादमीचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. उद्या कुणी म्हणालं की दुरुस्ती परवडत नाही, पाडू आणि मोठं बांधू, तर माहीमकरीणबाई, काय सांगाल? 'बाक भरतात ना, मग झालं'?

माहीमकरीण
अजिबात नाही. आडवी पडेन.

शिवाजीपार्ककर
मीही येतो.

वसईवाला
मी नाही येणार. गळतंय की नाही ते तिथल्या लोकांना ठरवू द्या. छत्री घेऊन मिस्सेला त्यांना बसायचंय, आपल्याला नाही.